बावन्न किलोमीटरवर दादा

३ मार्च, सकाळी ७.१०
सायकल आली. एकवीस गिअर. निर्णय पक्का.
शहरातून निघणारा कालवा थेट दादाच्या गावाला जातो. काठाने डांबरी वाट, गाड्यांना बंदी. बावन्न किलोमीटर. महिनाभर ट्रेनिंग, आणि एके सकाळी दादाच्या दारात घंटी.
परवा वहिनींचा फोन आला होता. दादाला झटका येऊन गेला. डावा हात उचलत नाही, बोलणं जड झालंय. आता घरी आणलंय, येऊन जा म्हणाल्या. ही म्हणाली, बस तासाभरात पोचते. बसने कुणीही जातं. नऊ वर्षांनी भावाला भेटायचं तर काहीतरी करून दाखवून भेटावं.

५ मार्च
२.४ किमी. दोष सीटचा आहे. सायकलवाला म्हणतो, सीट उत्तम आहे, शरीर सरावेल. मी चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. कशात किती खोट आहे हे मला सांगू नये.

९ मार्च
४ किमी. वारा समोरून. परतताना पण समोरून. पाण्यामुळे होत असावं. बाबागाडी ढकलत धावणारी एक बाई मला मागे टाकून गेली. ती बुटकी होती, तिला वारा लागत नसणार.

१४ मार्च
शेड्यूल तयार करून फ्रिजवर लावलं. पहिला आठवडा दहा, दुसरा वीस, तिसरा पस्तीस, मग प्रस्थान. हिने वाचलं आणि विचारलं, वहिनींना कळवलंय का? नाही. सरप्राइज. ही म्हणाली, आजारी माणसाला सरप्राइज कशाला, माणूस पुरे. बायकांना स्टॅमिना हा विषय कळत नाही.

२२ मार्च
कालव्याच्या पाणी सोडायच्या दरवाजांपाशी पडलो. सायकल उभी असताना. एक पाय पेडलवर होता, दुसरा कुठे ठेवायचा हे वेळेत ठरलं नाही. गुडघा सुजला. आठ दिवस रेस्ट. खेळाडूंच्या आयुष्यात हे चालतंच.
वहिनींचा फोन हिने घेतला. दादा काठी घेऊन खोलीतून गॅलरीपर्यंत जातो. अकरा पावलं. ही म्हणाली, त्यांचंही ट्रेनिंग चाललंय. तुलना आवडली नाही.

२ एप्रिल, दुपारी
पाय उशीवर. वेळ आहे म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.
आईला शेवटच्या आजारपणात दादा स्वतःच्या घरी घेऊन गेला. निघताना सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आईला नेतोयस की कौतुक करून घ्यायला नेतोयस?" चूक असेल तर शब्दांची असेल, मुद्दा बरोबर होता. त्याने आईची पिशवी उचलली. आई तिथे आठ महिने होती. मला जाता आलं नाही, रजा नव्हती. म्हणजे शिल्लक होती, पण मंजूर झाली नसती. अर्ज केला असता तर कळलं असतं.
आई गेल्यावर एक दिवस गेलो. तो बोलला नाही, म्हणून मी बोललो नाही. तो मोठा आहे, सुरुवात त्याने करायची.
गुडघा आज जास्त दुखतोय.

११ एप्रिल
नऊ किलोमीटर! नवव्या किलोमीटरच्या दगडापाशी बाक आहे, सावली आहे, कॉफीची टपरी आहे. एक तास चाळीस मिनिटं रिकव्हरी. समोर नकाशाचा फलक, त्यावर लाल टिंब: आपण इथे आहात. दादा पार वरच्या कोपऱ्यात.
येताना सायकल टेम्पोत टाकली. परतीचं अंतर धरत नाहीत. हिला अठरा सांगितले.

१९ एप्रिल
नऊ. बाक.

२४ एप्रिल
नऊ. बाकावर शेजारी रोज गळ टाकून मासे धरणारा एक जण होता. कुठे निघालात, त्याने विचारलं. सांगितलं, बावन्न किलोमीटर, भाऊ आजारी आहे. तो म्हणाला, "रोज इथपर्यंतच दिसता." त्याला समजावलं, लांबचा पल्ला असा तुकड्यातुकड्यानेच करतात. पहिला तुकडा माझा पक्का झालाय. त्याने गळाकडे तोंड फिरवलं.

३० एप्रिल
४ मेला निघणार. नक्की. डायरीत लिहिलं म्हणजे झालंच.

४ मे
चेन कुरकुरतेय. मुलीने पाठवलेलं हेल्मेट डोक्याला बसत नाही. हवामान अनिश्चित. शिवाय सोमवार.
ही आता काही विचारत नाही. ते बरं वाटायला हवं.

६ मे, दुपारी २.००
सव्वा वाजता घरी आलो. सिंकमध्ये तीन कप.
दादा येऊन गेला. वहिनींना घेऊन, बसने. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन जिने चढायला त्याला पंचवीस मिनिटं लागली, मधल्या वळणावर शेजाऱ्यांनी खुर्ची दिली. दहा वाजल्यापासून साडेबारापर्यंत बसला होता. मग परतीची बस होती.
हिने मला सहा फोन केले. मी बघितले होते. वाटलं, भाजी आण म्हणत असेल.
सातवा फोन दादानेच करू दिला नाही. अडखळत म्हणाला, "तो सायकल चालवतोय. मध्येच थांबवू नको त्याला."
मी तेव्हा बाकावर होतो. दुसरी कॉफी.

६ मे, संध्याकाळी
हिने खिचडी, भाजी काहीच केलं नाही. ब्रेड पुढे ठेवला आणि आत जाऊन पडली. नऊ किलोमीटरचं तिला सांगून टाकलं. "माहीत होतं," म्हणाली. टेम्पोवाला तिच्या ओळखीचा आहे.

७ मे
सकाळच्या बसने गेलो. एक तास पाच मिनिटं. खिडकीतून सबंध वाट दिसत होती. कुठेही चढ नाही.
दादा निजला होता. कालच्या प्रवासाने ताप भरलाय. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, ऐकलं नाही, असं वहिनी म्हणाल्या. माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.
अकराच्या सुमाराला त्याने डोळे उघडले.
"आलास," म्हणाला.
मी म्हटलं, हो, आधीच येणार होतो, पण सीटचा प्रॉब्लेम होता, मग गुडघा, आणि कालव्यावर वारा असा की जाताना समोरून आणि येतानाही समोरून. मग चेनचं सांगितलं, हवामानाचं सांगितलं. सोमवारचं सांगता सांगता बघितलं, तर तो परत झोपला होता.
मी थांबलो.
वहिनी दारातून म्हणाल्या, "बोलत राहा. आवाज चालू असला की त्यांना बरं वाटतं."
मला पुढे काही सुचेना.