वरच्या षड्जाआधीचा खोकला

अ‍ॅमस्टरडॅम, नोव्हेंबर २००३

ती. अप्पांना वेदश्रीचा इथूनच वाकून नमस्कार. आईलाही, तिच्या सांडग्यांसकट.

मी मजेत आहे. थंडी फार नाही, असंच आईला सांगा.

काल मार्टेनचं वाजवणं ऐकून आले. मी शाळेत असताना धारवाडात आपल्या माडीवर राहून तुमच्याकडे शिकायचा, तोच डच सॅक्सोफोनवाला. तेव्हा तो जहाजावरच्या बँडमध्ये नाचाची गाणी वाजवून आलेला. तुम्ही त्याचं वाद्य पेटीत ठेवायला लावलंत आणि वर्षभर नुसतं गायला बसवलंत. आता त्याच्या जॅझला भलंथोरलं सभागृह भरतं की हो!

शेवटी त्यानं यमन धरला. वरच्या षड्जाला जाण्याआधी थांबला, तोंडातून वाद्य काढलं आणि खोकला! हुबेहूब तुमच्यासारखा. मला हसू आवरेना. नंतर विचारलं, तर गंभीरपणे म्हणाला, "अप्पांनी असंच शिकवलंय." अय्यो, त्याला तो रागाचाच भाग वाटलाय! मीही खरं सांगितलं नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही शिकवणी बंद केलीत, तंबोऱ्याला गवसणी घातलीत, असं आईनं कळवलं. "आता माझं काय उरलंय," म्हणालात म्हणे. औषध घेता ना वेळेवर?

अप्पा, काल मार्टेनचे विद्यार्थीही वाजवायला होते. वरच्या षड्जाआधी तेही एकामागून एक खोकले.

गवसणी काढा बघू.

तुमचीच,
वेदश्री