मागच्या सीटवरून

५ मे
अक्कांचं डायलिसिस झालं. सोमवार-गुरुवार, चुकवता येत नाही. जालन्यापर्यंत जाताना-येताना दोन्ही वेळा गाडी मीच चालवली. स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की हात अजून दुखताहेत. वाटूर फाट्यावर एका ट्रकवाल्याने अंगावरच घातला ट्रक. मी शिव्या दिल्या. काचा बंद होत्या, त्यामुळे ऐकायला फक्त अक्का, माझ्या सासूबाई. त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

सुट्टी आहे तोवर ठीक. सोळा जूनला शाळा उघडेल, मला शिकवायला जावं लागेल, मग कोण नेणार? हे पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा येतात. भाड्याचा ड्रायव्हर दोनदा आला, तिसऱ्यांदा फोन बंद. एस.टी.ने नेलं तर येताना अक्का उभ्याउभ्या कोसळतात, एकदा झालंय तसं.

उरले तात्या.

६ मे
ह्यांचा फोन. "तात्यांना तूच शिकव ना. आयुष्य ट्रॅक्टरवर गेलंय, दोन दिवसांत येईल."

सुनेने सासऱ्याला शिकवायचं. ह्यांना सांगायला काय जातंय. तात्यांशी माझं बोलणं आहे, पण कामापुरतं. चहा ठेवलाय, नळ आलाय, पाहुणे आलेत. 'असं करू नका' हे वाक्य त्यांना उद्देशून मी लग्नापासून उच्चारलेलं नाही. शाळेत दिवसभर दुसरं काही बोलत नाही ती गोष्ट वेगळी.

८ मे
आज वाचलो.

निघायच्या आधी तात्यांनी अंगणात उभं राहूनच खिडकीतून हात घातला नि चाबी फिरवली. ट्रॅक्टर ते असाच सुरू करतात, खाली उभं राहून. "जरा गरम होऊ दे." मी मात्र ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली. गाडीने उडी मारली ती थेट म्हशीच्या हौदावर. बंपर फुटला. थोड्याच वेळापूर्वी अक्का त्याच हौदावर हात धूत होत्या.

तात्या म्हणाले, "गाडीत खराबी हाय."

पदर सारखा केला, गाडी मागे घेतली, अक्कांना बसवलं. रस्ताभर स्वतःवर चिडत होते. आधी सीटवर बसायचं, क्लच दाबायचा, मगच चाबीला हात लावायचा, एवढं तर सांगता येत होतं.

११ मे
शिकवणी सुरू. तात्या स्टेअरिंगवर, मी मागे, शेजारी अक्का. सासऱ्याच्या बाजूला पुढच्या सीटवर बसलेली सून आमच्या गल्लीने अजून पाहिलेली नाही, आणि ती पहिली मला व्हायचं नाही. मग सगळे निरोप अक्कांमार्फत.

"अक्का, क्लच पूर्ण दाबा म्हणावं."
"आवं, किलच दाबा म्हणती."
"दाबूनच राह्यलो की."
"अर्धाच दाबलाय म्हणावं."

मागून त्यांचे पाय दिसत नाहीत. इंजिनाच्या आवाजावरून अंदाज. शिवाय सीट माझ्या मापाची, तात्या उंच, गुडघे स्टेअरिंगला लागतात. सीट मागे घ्यायला खाली दांडा आहे, सांगितलं. "बसतो असाच," म्हणे. बायकांनी लावलेली सीट हलवण्यात काय कमीपणा येतो देव जाणे.

१५ मे
खरं ते लिहावं. तात्या माझ्यापेक्षा चांगली चालवतात. गाडी सरळ, हात स्थिर, ट्रकला घाबरत नाहीत. अडचण चालवण्याची नाहीच. बसताना, सुरू करताना, उतरताना सगळी गडबड. शेतात ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरलं, इंजिन चालू ठेवलं, चाबी तशीच राहिली, तरी काही बिघडत नाही. सपाट रान, माणूस ना काणूस.

२२ मे
आज दुसऱ्यांदा वाचलो.

जालन्याला जाताना मी, येताना तात्या. बसल्या बसल्या त्यांनी दांडा ओढून सीट मागे ढकलली. मीच सांगत होते ना, ऐकलं शेवटी. पण सीट खाचेत बसली की 'खट्' वाजतं, ते वाजलं नाही. मला मागे स्पष्ट कळलं की वाजलं नाही. "अक्का" म्हणून वळले, तर अक्का माझ्या खांद्यावर झोपलेल्या. डायलिसिसनंतर त्या अशाच मलूल पडतात. उठवू का? की सरळ तात्यांना सांगू? ह्या विचारात गाडी निघाली. म्हटलं, बसली असेल.

पुढे एका गावाजवळ गतिरोधक. तात्यांनी ब्रेक दाबला नि जेवढा जोर दिला तेवढी सीट मागे घसरली, माझ्या गुडघ्यांवर. पाय ब्रेकवरून सुटला. समोर शेळ्या रस्ता ओलांडत होत्या, त्यांच्यामागे एक बाई. तात्यांनी स्टेअरिंगला धरून स्वतःला पुढे ओढलं, पुन्हा ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा एक करडू बंपरच्या इतकं जवळ होतं की दिसतच नव्हतं. त्या बाईने आमचा जो उद्धार केला त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

तात्या: "शीट नादुरुस्त हाय."

गुडघे सुजलेत. त्याचं काही नाही. एक वाक्य माझ्याजवळ होतं, आणि मी निरोप पोचवायला माणूस शोधत बसले. लाज वाटते.

२३ मे
ह्यांना फोनवर सांगितलं. "मग तू पुढे बस ना."
"तुम्ही सांगा तात्यांना तसं."
"बघू, आलो की बोलतो."
बापाला सांगायचं म्हटलं की ह्यांचीही वाचा बसते. आणि मला सांगतात शिकव.

२९ मे
दोन्ही वेळा मीच चालवली. तात्या आले नाहीत. शाळा जवळ येत चालली.

५ जून
तात्या सकाळीच म्हणाले, "तिला म्हणा, आज म्या नेतो. सवय होऊ दे." नीट नेली. सीटचं 'खट्' वाजलं, मी ऐकलं. मनात म्हटलं, सुटलो.

नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्याच्या दारापुढे उतार आहे, थेट रस्त्यापर्यंत. तात्यांनी गाडी वर, दारापाशी उभी केली. आतल्या गार हवेसाठी इंजिन चालू ठेवलं. "बसू द्या तिला गारव्यात." आणि उतरून व्हीलचेअर आणायला गेले. न्यूट्रल. हँडब्रेक नाही. ट्रॅक्टरवरून उतरतात तसे.

गाडी मागे सरकायला लागली. आधी वाटलं शेजारची गाडी पुढे चाललीय. मग कळलं. दाराचा खटका ओढला, उघडेना. लॉक वर केलं, पुन्हा ओढला. उघडेना. मागे रस्ता, रिक्षा, मोटारसायकली. अक्कांनी माझा हात धरला. मी दोन सीटांच्या मधून पुढे घुसले, पदर कुठेतरी अडकला, तो टरकन फाटला, आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला.

एका उभ्या रिक्षाला मागून टेकून थांबलो. रिक्षात कुणी नव्हतं. रिक्षाच्या मागे लगेच रस्ता.

दार का उघडलं नाही ते नंतर बघितलं. उजव्या मागच्या दाराच्या कडेला बारकासा खटका असतो, लहान मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून. आधीच्या मालकाने लावून ठेवलेला. घरी असो की दवाखान्यात, मी नेहमी अक्कांच्या मागोमाग डाव्या दाराने उतरते, त्यामुळे कधी कळलंच नाही.

तात्या वर दारात व्हीलचेअर धरून उभे होते. खाली आले नाहीत. येताच येत नव्हतं त्यांना. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तो चेहरा बघून रडू आलं.

नंतर त्यांनी अक्कांच्या कॉटवर चाबी ठेवली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. परत येताना गाडी मी आणली.

६ जून
तात्या पहाटेच शेताकडे गेले, जेवायला आले नाहीत.

अक्का म्हणाल्या, "सोमवारी म्या येत न्हाई."
"असं कसं अक्का?"
"माह्यापायी त्यांची इज्जत चालली. तुहा जीव जाता जाता राह्यला. बास झालं."

मी चिडले, भांडी आपटली. अक्कांवर आवाज चढवला पहिल्यांदा. त्या शांत बसून शेंगा फोडत होत्या.

९ जून
गेलो नाही. अक्कांनी खोलीची कडी आतून लावून घेतली.

मी दाराशी बसून सांगत होते, मी नेते, गाडी काढलीय, उठा. आतून अक्का, "आज तू नेशील. पुढल्या सोमवारी?"

तात्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

१० जून
अक्कांचे पाय, तोंड सुजलं. आडवं झालं की धाप लागते. दवाखान्यात फोन केला, सिस्टर म्हणाली, आत्ताच्या आत्ता आणा.

मी स्वयंपाकघरात पाण्याची बाटली भरत होते. दारात तात्या. "रेखा."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी लग्नातच काय ते ऐकलं असेल.

"आज तू चालव. म्या पुढं बसतो, बघतो तू कसं करून राह्यलीस ते. येताना म्या घेतो अन् तू पुढं बस. चुकलो की बोल. तिला सांगू नको, मला सांग. जोरात सांग."

मी फक्त "हो" म्हटलं. अक्कांना दोघांनी उचलून गाडीत बसवलं. जालन्यापर्यंत तात्यांचे डोळे माझ्या हातापायांवर होते, रस्त्याकडे नाही. दवाखान्याच्या उतारावर थांबल्यावर स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "बिरेक वढला. गेर टाकला. चाबी काढली. मंग दार." अक्कांना लगेच आत घेतलं. डॉक्टर आमच्यावर ओरडले, ओरडू दे. संध्याकाळी श्वास सुरळीत.

येताना मी पुढे बसले. घाबरले होते, तात्यांना नाही, गल्लीला. आणि असल्या दिवशी गल्लीची भीती वाटते ह्याचीच जास्त चीड आली.

१२ जून
आज जाताना-येताना तात्या. मी पुढे. चौकात एकाने गाडी थांबवून विचारलं, "काय तात्या, आता सून शिकविती व्हय?"
तात्या म्हणाले, "मंग. मास्तरीणच हाय ती."

दवाखान्यात एकदा चाबी तशीच ठेवून उतरले. मी "तात्या, चाबी" अशी ओरडले की तिथली माणसं वळून बघायला लागली. ते गुपचूप परत आले, चाबी काढली. दिवसभर मला धाकधूक, रागावले असतील. रात्री जेवताना म्हणाले, "असंच वरडत जाय."

१५ जून
उद्या शाळा. उद्या सोमवार.

मी रजा टाकू का म्हटलं तर तात्या म्हणाले, "अन् गुरुवारी? बिलकुल न्हाई." अक्का पुढे बसणार आहेत. जन्मभर त्या ट्रॉलीत मागे बसल्या, तात्या पुढे. उद्या पहिल्यांदा शेजारी. संध्याकाळी अंगणात दोघं गाडीत बसून होते, गाडी बंदच. अक्का विचारत होत्या, तात्या एकेक करून दाखवत होते. मी खिडकीतून बघितलं. बरं वाटलं, आणि तेवढीच भीती वाटली.

हे फोनवर, "आलं ना सगळं?"
मी म्हटलं, चालवायला येतं. बाकीचं मला माहीत नाही.

१६ जून
शाळेत बसून लिहितेय. मधली सुट्टी.

सकाळी फाटकापर्यंत गेले होते. तात्यांनी सीट सरकवली, हलवून बघितली, दारं लावली, मग चाबी. अक्कांनी काचेतून हात केला. पोचल्यावर अक्कांनी मिस्ड कॉल द्यायचा ठरलं होतं, तो आला. पहिलीच्या पोरांचं गुलाबाची फुलं देऊन स्वागत, भाषण, खाऊ. सगळ्यात होते आणि कशातच नव्हते.

आत्ता तात्यांचा फोन. ते मला कधीच फोन करत नाहीत.
"झालं तिचं. निघून राह्यलो आता."
"बरं तात्या. सावकाश या."
"सकाळी येताना एकदा चुकलं माहं. तिला कळलं न्हाई. घरी आलो की सांगतो."

काय चुकलं ते विचारायच्या आत ठेवला. लगेच उलट फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा लावला. उचलणार नाहीत. गाडी सुरू झाली की फोनला हात लावायचा नाही, हे मीच शिकवलंय.