चक्क्याच्या फडक्याचं भूत

आई, परवा शनिवारी तुझी नात माझ्याशी मराठीत बोलली आणि मला लगेच संशय आला. तू तिला पाहिलंच नाहीस, तू गेलीस तेव्हा ती पोटात होती, म्हणून सांगते. तेरा वर्षांची घोडी झाली आहे. इथे परदेशातच जन्मली, इथल्याच शाळेत जाते, आणि मी मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं, शेवटी इथल्या लोकांसारखा एक 'ला' चिकटवून. जेवलीस का? "ईट ऑलरेडी ला." एवढंच आमचं संभाषण. अशी मुलगी दुपारी माझ्या खोलीच्या दारात उभी राहून गोड आवाजात म्हणते, "आई, तू कामात आहेस का?" मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, झालं! काहीतरी फोडलंय, नाहीतर नापास झालीय, नाहीतर कुणी मुलगा आहे. तू असतीस तर तुला तिसरंच आधी सुचलं असतं. मला तिन्ही एकदम सुचली.

हवं होतं काय, तर हॅलोवीनचा पोशाख. हॅलोवीन म्हणजे पोरं भुतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तो दिवस. काँडोत, म्हणजे फाटक-गार्डवाल्या महागड्या सोसायट्यांत राहणाऱ्यांचं खूळ आहे ते, आमच्या सरकारी ब्लॉकमध्ये कुणी फिरकत नाही. तर शाळेतल्या एका मुलीच्या काँडोत सगळ्या जमणार होत्या, आणि पोशाख त्याच संध्याकाळी पाहिजे होता. आमंत्रण कधी आलं? "टुडे." आजच्या आज कोण गं बोलावतं? खांदे उडवले. कोण कोण येणार? "फ्रेंड्स." मुलं आहेत का? "आई, प्लीज!" बरं, कसला पोशाख? तर ती जो भुताचा व्हिडिओ गेम खेळते त्यातली मेट्रन. एका बंद पडलेल्या बोर्डिंग शाळेत ही मेट्रन फिरत असते. पांढरा झगा, अंगावर रक्त, आणि चेहराच नाही, नुसतं कापड आणि तोंडाच्या जागी टाके घातलेले. मी विचारलं, करते काय ही बाई? तर म्हणे, काही नाही, मागे मागे येते. तुम्ही वळून पाहिलंत की थांबते. "शी जस्ट वाँट टू नो व्हेअर यू गो." मी म्हटलं, ही मेट्रन आहे की माझी आई? तिला काही कळलं नाही. कुणाला हसू आलं नाही.

पण संपूर्ण चेहरा झाकणारा पोशाख, आयत्या वेळचं बोलावणं आणि तोंडात मराठी. तूच सांग, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर कोणत्या बाईला झोप लागेल? नवरा कामासाठी जकार्ताला होता. तो असता तर म्हणाला असता, जाऊ दे गं तिला, तू म्हणजे ना. मी हो म्हटलं, पण ते काही मायेने नव्हे. माझा हिशेब सरळ होता. पोशाख मीच केला, तर शंभर भुतांच्या गर्दीत माझं भूत मला लांबून ओळखू येईल. बाहेरून विकत आणलेले तर सगळ्यांचे सारखेच असतात.

मग काय, लागलो कामाला. जुनी पांढरी चादर कापली, मधोमध डोकं जाईल एवढं भोक, बाजूंना हाताने धावदोरा. चेहऱ्याला आरपार दिसेल असं पातळ कापड पाहिजे होतं. घरात तसं एकच होतं, मी श्रीखंडासाठी चक्का टांगते ते मलमलचं फडकं. दिवाळी तोंडावर आली आहे, ते धुऊन वाळवूनच ठेवलं होतं. तिने ते तोंडाला लावलं आणि किंचाळली, "आई, योगर्ट स्मेल!" मी म्हटलं, भूत आहेस ना तू, भुताला वास येत नाही. तिच्या डोक्यावरच फडकं ठेवून मी काळ्या दोऱ्याने तोंडाचे टाके कुठे घालायचे त्याच्या खुणा रंगीत खडूने करत होते, तेव्हा ती आतून हसत होती आणि फडकं नाकाशी हलत होतं. किती दिवसांनी इतक्या जवळून तिच्या चेहऱ्याला हात लावला मी. आणि तेव्हाही डोक्यात काय, तर ही इतकी खुशीत का आहे? मग रक्त. ते मी कोकमाच्या आगळाचं केलं. मोठ्या दिमाखात चमच्याने शिंतोडे उडवले, अगदी लालभडक. बघता बघता तो लाल रंग निळसर झाला, मग करडा. चादरीत साबण राहिला असणार, आंबट आगळ त्याच्याशी भांडलं. मी कपाळाला हात लावला, एवढी मेहनत आणि भुताच्या अंगावर हे काय डबक्याचं पाणी! ती मात्र नाचायला लागली. "वाह, लाइक डेड फॉर लाँग टाइम!" जुनं रक्त म्हणे असंच दिसतं. तिने मला मिठी मारली. आई, मी त्या मिठीचाही संशय घेतला.

निघताना मी चकल्यांचा डबा पुढे केला, मैत्रिणींना दे म्हणून. एरवी माझा डबा म्हणजे तिला लाज. परवा मुकाट्याने घेतला. झालं, माझी खात्रीच पटली. लिफ्टमध्ये शेजारची चिनी आंटी होती, ती हे पांढरं प्रकरण बघून भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "अय्यो, गर्ल, होल बॉडी व्हाइट, डोन्ट अनीहाऊ वेअर ला." त्यांच्यात अंगभर पांढरं सुतकात घालतात, उगाच नाही. मी दारातून हसले, हात हलवला, लिफ्ट खाली गेली. आणि मी पायात चपला सरकवल्या.

काँडोचा पत्ता आधीच विचारून ठेवला होता, पुढच्या एलआरटीने गेले. ही छोटी गाडी आमच्या बुकित पंजांगच्या इमारतींच्या अगदी अंगावरून जाते. घरं जवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून. मी त्या धुरकट काचेसमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते. तुझा संशय मला तोंडपाठ आहे ना! मी कॉलेजातून आले की तू सायकलच्या चाकाला हात लावायचीस, नदीकडची रेती तर लागली नाही ना. माझ्या केसांचा वास घ्यायचीस, थिएटरातल्या सिगारेटीचा येतोय का. स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता, पाठ वळवूनच विचारायचीस, "आज कुठल्या तासाला बसली नाहीस?" आणि मी बसलेली असायचे गं प्रत्येक तासाला! मी तेव्हा शपथ घेतली होती, माझ्या मुलीच्या मागे मी कधी जाणार नाही. आणि परवा मी निघाले होते, कुर्त्यावर नवऱ्याचं जॅकेट आणि डोक्यावर त्याची टोपी घालून. मेट्रनच ती.

काँडोच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे बसस्टॉप आहे, त्याच्या खांबाआड उभी राहिले. माझं भूत लगेच दिसलं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलं होतं, डबा मांडीवर. मी म्हटलं, आता येईल तो कोण असेल तो. डोळे फाडून बघत होते. आणि मग सातआठ मुली आल्या, सगळ्यांचे पोशाख एकसारखे, काळे, विकतचे, चकचकीत. माझी उभी राहिली, हात हलवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकीने काहीतरी म्हटलं, दुसरी हसली. गार्डने एकेकीला आत घेतलं. हिच्यापाशी आल्यावर त्याने मान हलवली. तिने मुलींकडे बोट दाखवलं. त्या आतल्या दिव्यांकडे चालू लागल्या होत्या, एक वळली, हातानेच फोन करते अशी खूण केली आणि गेली. माझी परत कट्ट्यावर येऊन बसली. थोड्या वेळाने तिने तोंडावरचं फडकं वर केलं, डबा उघडला आणि चकली खायला लागली.

मुलगा नव्हता, सिगारेट नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. मी काय काय मनात आणलं होतं, आणि जे होतं ते माझ्या मनात आलंच नव्हतं. धावत जावंसं वाटलं. पण गेले असते तर तिला कळलं असतं मी मागे आले ते. आणि कळलं असतं की मी पाहिलं. मग ती पुन्हा मला कधी काही सांगेल? आई अशी मागे आली की काय होतं ते मला माहीत होतं ना. अकरावीतला तो वाढदिवस आठवतो तुला? मैत्रिणीच्या बंगल्यावर. तू न सांगता येऊन दारात उभी राहिलीस, सगळ्यांसमोर "चल घरी" म्हणालीस आणि दंडाला धरून मला ओढत नेलंस. मी रस्ताभर रडले. माझं नाक कापलंस म्हणाले. त्या दिवसानंतर मी तुला खरं असं काही सांगितलं नाही. नोकरीचं नाही, लग्न ठरत होतं त्याचं नाही, इथे येणार त्याचंही तिकीट हातात आल्यावर. तू विचारत राहिलीस आणि मी 'काही नाही' म्हणत राहिले, तू जाईपर्यंत. हे सगळं मला त्या खांबाआड आठवत होतं आणि समोर माझी पोर एकटी चकल्या खात होती.

मी तिला फोन लावला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, घसा खाकरलेला मला रस्त्यापलीकडून दिसला. "येस आई?" मी म्हटलं, मजा येतेय का गं? म्हणाली, हो, खूप, सगळ्यांना माझा कॉस्च्युम आवडला. तिचा आवाज इतका छान होता, की समोर दिसत नसती तर मी शंभर टक्के विश्वास ठेवला असता. मी, तुझी मुलगी! फोन ठेवल्यावर ती त्या बंद फोनकडे बघत बसली. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. जे व्हायचं ते होवो म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

तिने आधी टोपी पाहिली, मग जॅकेट, मग मला. "यू फॉलो मी?" मी म्हटलं, हो. "सिन्स व्हेन?" तू निघाल्यापासून. मी तयारच होते, आता स्फोट होणार, आता ही दोन वर्षं माझ्याशी बोलणार नाही. ती डब्याचं झाकण लावत होती, ते काही केल्या बसेना. मी हात पुढे केला तर डबा मागे ओढला. मग म्हणाली, त्यांनी गार्डकडे तिचं नाव दिलंच नव्हतं. सकाळी तिनेच विचारलं होतं, मी येऊ का, तर त्या म्हणाल्या होत्या, "अप टू यू." यालाच ती आमंत्रण समजली होती. मी म्हटलं, माझ्या पोशाखामुळे हसल्या का गं? तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आणि मग एकदम रडायला लागली, ते करडं रक्त सांडलेल्या चादरीत तोंड खुपसून, आणि म्हणाली, "मग आधी का नाही आली तू?"

मी म्हटलं, तुला आवडलं नसतं बाळा. "आवडतच नाही," ती म्हणाली. "आय हेट इट. पण तू यायचं ना!"

आम्ही चालतच घरी आलो. तिने तो पोशाख काढला नाही, मीही सांगितलं नाही. वाटेत तिच्या त्या मैत्रिणींचं काय करायचं यावर आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं त्या कारटीच्या आईला फोन करते, ती म्हणाली यू डेअर. अजून तिचा माझ्यावर विश्वास नाही. काल दिवसभर माझ्या फोनवर नजर ठेवून होती.

आज सोमवार, ऑफिसला निघाले आहे. बुकित पंजांगहून चांगीपर्यंत शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गाडी जाते, बसायला जागा मिळाली, म्हणून फोनवर हे टाइप करते आहे. पाठवायला काही पत्ता नाही तुझा, उतरताना पुसून टाकीन. पण कालपासून मला तुझाच संशय येतो आहे. त्या वाढदिवसाला तू मला पकडायला आलीस असं मी जन्मभर धरून चालले. आता वाटतं, निघताना माझं तोंड कसं होतं ते तू पाहिलं असशील. तुला नदीचा, थिएटरचा संशय होता की त्या मुलींचा? विचारायला हवं होतं, आणि तू सांगितलं असतंस की नाही कोण जाणे.

एक गोष्ट मात्र तुलाही माहीत नाही, कारण तू दारातून आत पाहत होतीस, माझ्या पायांकडे नाही. त्या घरात माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. मी मैत्रिणीच्या आईला काकडी चिरून देत स्वयंपाकघरात बसले होते, आणि तुझा आवाज आला तशी सुरी ठेवून उठले आणि दाराशी आले. तू दंडाला धरून ओढलंस असं मी सगळ्यांना सांगत आले, नवऱ्यालाही, वर तुलाही लिहिलं. पण तू हात लावायच्या आधीच, आई, माझ्या दोन्ही पायांत चपला होत्या.