चूक कोणाची, हा रकाना

दि. १४ मार्च

वन्संना,

तुमच्या वहिनीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलंत, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. उरलेली निम्मी सोमवारी जिंकलो, आपण सगळ्यांनी मिळून. कायदा झाला, वन्सं!

इकडे सगळे ठीक. तुमचे दादा गुडघा धरून बसतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की टुणकन उठून चालून दाखवतात. लेक आता माझ्या खांद्याला लागली. आत्या कधी येणार, हे विचारायचं तिने सोडलंय, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागतं. दोन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण तुम्ही हसाल.

आधी कायद्याचंच सांगते, कारण ते सांगताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. कामावर इजा झाली की भरपाई मिळणार. चूक कोणाची, हे कोणी विचारायचं नाही. बरं झालेल्या माणसाला झेपेल ते काम देऊन परत घ्यायचं. खरं बोललं म्हणून कोणाला काढायचं नाही. आणि चूक कामगाराचीच म्हणून फेटाळलेले जुने दावे पुन्हा उघडणार. तुमचाही.

विधिमंडळाच्या गॅलरीत आमची अख्खी रांग होती. तिथे टाळ्यांना बंदी. कायद्याच्या बाजूची मतं जास्त निघाली तेव्हा आम्ही हात मांडीखाली दाबून धरले. आपल्या प्रेसवरच्या मावशींनी मात्र दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी घातली की खाली अध्यक्षांनी मान वर केली. शिपाई धावत आला. मावशी म्हणाल्या, "टाळ्यांचं लिहिलंय बाबा, शिट्टीचं कुठं लिहिलंय ते दाखव." तो बिचारा खरंच पाटी वाचायला लागला.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, भांडी घासली, नसलेला केर काढला. आता आणखी काम उरलेलं नाही. लिहिते.

मागच्या महिन्यात या कायद्यावर समितीपुढे सुनावणी झाली. संघटनेच्या वकीलबाईंनी मला एवढंच सांगायला नेलं होतं की झाकणांच्या प्रेसवर काम कसं चालतं. मी सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. मग मालकांचे वकील उठले. म्हणाले, "हेच कामगार एका बटणात काहीतरी खुपसून ते दाबून ठेवतात आणि एका हाताने प्रेस चालवतात. यांना भरपाई कशाला? हा जबाब ऐका."

आणि त्यांनी तुमचा जबाब वाचला.

"डाव्या बटणात पुठ्ठा मीच खुपसला होता. पुठ्ठा मी घरून आणला होता." खाली तुमची सही.

घरून! कारखान्यात पुठ्ठ्याचे डोंगर पडलेले असतात. आपल्या सुपरवायझरनेही, ज्याला आपण मागून घाईसाहेब म्हणतो त्यानेही, तो खोक्याचाच तुकडा समजून फेकून दिला होता. तो घरचा आहे हे कळायला उलटून बघायला हवा होता, आणि मागे पेन्सिलीने काढलेली मांजर कोणाची हे ठाऊक हवं होतं. आपल्या लेकीच्या वहीचा पुठ्ठा होता तो. वन्सं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुठ्ठा मी लावला होता. माझी पाळी संपली, बस चुकेल म्हणून तशीच पळाले आणि काढायचा विसरले. त्याच प्रेसवर पुढची पाळी तुमची. तुम्ही कधी कशाला बटणात काही खुपसाल? तुम्ही सवयीने उजवा तळवा बटणावर ठेवलात, डाव्या हाताने पत्रा सरळ करायला गेलात, आणि तीन बोटं गेली. मला वाटत होतं, तुम्ही बोलत नाही कारण तुम्हाला कळलेलं नाही. घरात दोन पोटं माझ्या पगारावर होती, म्हणून तुम्ही बँडेज बांधलेल्या हाताने कागद दाबून धरून खोटं लिहिलंत, आणि गावी, तुमच्या सख्ख्या मावशीकडे निघून गेलात. आणि मी तुम्हाला जाऊ दिलं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तो जबाब खोटा आहे. पुठ्ठा माझा होता."

वकील म्हणाले, "बसा." समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना." माझं तोंड काही थांबेना. झाकणांचा ठरवून दिलेला आकडा दोन्ही हातांनी पुराच होत नाही, आणि पुठ्ठा कसा घालायचा हे घाईसाहेबांनीच मला शिकवलं, सगळं सांगितलं. वकील खूश झाले. "म्हणजे चूक तुमचीच ना?"

"माझी," मी म्हटलं. "पुठ्ठा शिकवणाऱ्याचीही. आकडा ठरवणाऱ्याचीही. तुम्ही वाटणी करत बसा. तोवर जिची बोटं गेली तिनं काय करायचं?"

मागे ऐकायला बसलेल्या आपल्या बायकांतून प्रेसवरच्या मावशी उठल्या. "मी पण खुपसते पुठ्ठा." मग तिसरी, मग पाचवी. शेवटी आमच्यातली कोणी बसलेली नव्हती. वकीलबाई सांगतात, चूक विचारायची नाही हे कलम गळणारच होतं, ते त्या दिवसामुळे टिकलं.

चौथ्या दिवशी कारखान्याने मला काढलं. काल घाईसाहेब स्वतः घरी येऊन परत कामावर घेतल्याचं पत्र देऊन गेले. मी ते त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा! झाकणं तपासायच्या टेबलावर तुमची जागाही मागून ठेवलीय.

दादांना सुनावणीच्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.  या सोमवारी कायदा झाल्याचं कळलं तसे बाहेर गेले आणि येत्या रविवारची तिकिटं घेऊन आले. जायची तीन, परतीची चार.

तुमचा अर्ज मी घेऊन येतेय. जुन्या अर्जात 'चूक कोणाची' असा रकाना होता आणि त्यात तुम्ही स्वतःचं नाव घातलंत. नव्या अर्जात तो रकानाच नाही, मी उलटसुलट करून पाहिलं. सरकारने विचारायचं सोडलं. तुम्ही मात्र सोडू नका. दार उघडल्याबरोबर, दादांच्या आणि लेकीच्या देखत विचारा. हे उत्तर मी सगळ्या समितीला दिलं, फक्त तुम्हाला द्यायचं राहिलंय.

तुम्ही वाचवलेली, आणि आता लपायचं सोडलेली,
तुमची वहिनी