पाच-दोनवर सोडलेली मॅच

कूरावी,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय टीगन,

अक्षरं केवढाली म्हणून हसू नकोस. संत्र्यांच्या खोक्यांवर नाव घालायचा जाड मार्कर हाताशी होता, त्यानंच लिहितेय. पत्र टपालानं पाठवून उपयोग नाही, तू दर आठवड्याला नव्या गावात. ईस्टरच्या स्पर्धेसाठी आपल्याकडे उतरलेली झुझका, ती स्लोव्हाकियाची उंच पोरगी, परवा जपानला निघणार आहे. तुझी पुढची स्पर्धा तीच तिचीही. यादीत तुझं नाव अजून आहे, हे मी तिच्याकडून वाचून घेतलंय. ते तू काढून टाकायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून ही घाई.

आधी गेल्या बुधवारचं बोलू. तिसरा सेट, तू पाच-दोन पुढे, सर्व्हिस तुझी, आणि तू मॅच सोडलीस! इथे क्लबात आम्ही बुधवारच्या सगळ्या बायका घरून केक न् सँडविच घेऊन तुझी मॅच कॉम्प्युटरवर लावून बसलो होतो. एकदम ग्लेनिस किंचाळली, "अगं, ही हात काय मिळवतेय? मॅच संपली कुठे?" केव म्हणाला, "ऊन लागलं असेल पोरीला." क्लबाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. मग तुझा निरोप आला. घोटा मुरगळलाय, आता बस झालं, घरी येते, मुलांना शिकवायची जागा क्लबात अजून रिकामी आहे का? केवला कोण आनंद! दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या पाटीवर तुझं नाव रंगवायला ब्रश घेऊन शिडीवर चढला. मी खालून शिडी हलवली. "उतर," म्हटलं, "नाहीतर आणखी एक घोटा मुरगळेल."

मुलांना शिकवणं वाईट नाही गं. पण तुझा निरोप वाचून दाखवला तेव्हा मला तो तुझा वाटलाच नाही. गावाला मात्र वाटला. जो तो "चला, सुटली एकदाची" म्हणून मोकळा. मटणवाल्या रॉडनीनं चॉप्स बांधता बांधता विचारलं, "काय रेलीन, लेक टीव्हीवर न दिसताच परत येणार म्हणे? कितवा नंबर होता तिचा जगात?" मी म्हटलं, "चारशे अकरावा. म्हणजे अख्ख्या जगात तिच्यापेक्षा बऱ्या खेळणाऱ्या चारशे दहा. तुझ्यापेक्षा बरं मटण कापणारे या गावातच दोघे आहेत, आणि गावात दुकानं तीनच." चॉप्स तिथेच ठेवून आले. त्या दिवशी अंड्यांवर भागवलं, पण जेवण गोड लागलं.

टीव्हीवर दिसतात तेवढेच खेळाडू, असं या लोकांना वाटतं. बाकीच्या तुम्ही पोरी रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळता, स्वतःची रॅकेट स्वतः विणता, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुता आणि सकाळी हरून संध्याकाळची बस पकडता. मी गेली कित्येक वर्षं अशा पोरींना या घरात जेवायला वाढतेय. गवतावरची स्पर्धा आली की आपल्या घरात नेहमीच कुणी ना कुणी उतरलेलं असायचं. आपल्या घरचा नियम तूच तर केला होतास, आठवतं? त्या दिवशी जी हरेल, तिनं रात्रीचं जेवण काय ते सांगायचं, आणि जी जिंकेल, तिनं भांडी घासायची. झुझकाला हे कळायला दोन दिवस लागले. मग उपांत्य फेरी जिंकून आली ती दारातूनच ओरडत, "काकू, साबण कुठाय?" परवा अंतिम सामन्यात हरली, तर डोळे पुसत म्हणाली, "भाजलेलं कोकरू. आणि बटाटे भरपूर." जिंकणारीची सोय आहे, हरणारीची आहे. मधेच सोडणारीची सोय मात्र या नियमात नाही, कारण तसं कुणी केलंच नव्हतं. तू घरी आलीस तर मी तुला जेवण विचारू की साबण देऊ?

आता तुझ्या घोट्याचं. तू खोटं बोललीस. मॅच सोडून तू खुर्चीपर्यंत गेलीस, मग अंपायरकडे, मग बॅग उचलून फाटकापर्यंत. सिमेंटच्या कोर्टावर तुझ्या बुटांचा आवाज मला स्पष्ट येत होता. दोन्ही पाय सारखे पडत होते, एकही फरफटत नव्हता. ग्लेनिस पडद्याला नाक लावून बसली होती, तिला नाही कळलं. मला कळलं, कारण मी तुझ्या मॅच आता बघत नाही, ऐकते. तुमच्या त्या छोट्या स्पर्धांत एकच कॅमेरा खांबाला बांधलेला, बडबड करणारं कुणी नाही, लोक नाहीत, टाळ्या नाहीत. लोकांना कंटाळवाणं वाटतं, माझ्या मात्र ते पथ्यावर पडलंय. तुझा कापलेला बॅकहँड कुठला आणि पलीकडचीचा कुठला, हे मी कणीक मळता मळता सांगते. सर्व्हिसच्या आधी तू धीरात असलीस की चेंडू तीनदा आपटतेस. घाबरलीस की आपटतच राहतेस. बुधवारी पाच-दोनला तू आपटत राहिलीस, आपटत राहिलीस, आणि मग आवाजच थांबला.  घोट्यामुळे नाही. मला कळलं की डार्सीनं तुला सांगितलंय.

त्याला बजावलं होतं मी, तिला यातलं अक्षर कळता कामा नये. त्या रात्री विचारलं तर म्हणाला, "आई, मी सकाळीच बोललो तिच्याशी. तिला कळायला नको? एकटी राहतेस तू. उद्या शेगडीवर हात ठेवशील." तुझा भाऊ मनाचा चांगला आहे, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, आणि खरं सांगते, अंदाज चुकेल म्हणून नाही दिली.

तर ऐक, माझ्याच तोंडून ऐक. दोन्ही डोळ्यांत मधोमध पुसलं गेलंय, फळ्यावर ओला हात फिरवावा तसं. कडेकडेचं दिसतं. बाग दिसते, संत्री दिसतात, समोरच्याचे कान दिसतात आणि तोंड दिसत नाही. केवच्या बाबतीत तर हे बरंच झालं. डॉक्टरीण म्हणाली, गेलेलं परत येणार नाही, पण ठार अंधारही होणार नाही. गाडी चालवणं सोडलं, त्या दिवशी मी रडले. अंगणात बसून, मोठ्यानं, शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागेपर्यंत. ते रडून झालंय. आता ग्लेनिस मला नेते-आणते आणि मी तिला गिअर कधी बदलायचा ते सांगते, त्यामुळे आमची रोज भांडणं होतात. शेगडीच्या बटणावर डार्सीनं खुणेचे ठिपके लावलेत. झुझकाचं कोकरू मी त्याच शेगडीवर केलं, आणि ती पोरगी हाडं चोखत होती.

तुझी लढण्याची हौस फिटली असेल, तर उद्या ये. पाटी रंगवायला मी स्वतः शिडी धरेन. पण आधी हरून किंवा जिंकून ये आणि ते माझ्यासमोर उभी राहून सांग. माझे डोळे पुढे करून मॅच सोडायची नाही. मी आंधळी होत असेन, पण कुणाच्या माघारीचं निमित्त व्हायला मी अजून तयार नाही, तुझ्या तर नाहीच. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय. लिहिताना ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर झुझकाकडून वाचून घे. तिला सगळं सांगितलंय. यादीतलं नाव राहू दे. पुढच्या सोमवारी पहिल्या फेरीला आम्ही सगळ्या क्लबात असू आणि मी सगळ्यांना गप्प बसवणार आहे. तू फक्त चेंडू जरा जोरात आपट. मी मोजतेय, तीनदा.

तुझीच, अजून कान शाबूत असलेली,
आई