वाघदेवाला सांगितलेली गाय

ती. आईस,

अजेयचा नमस्कार. पाठ बरी आहे, जेवण वेळेवर होतं. नोकरीचंही ठीकच म्हणायचं.

कर्जतजवळच्या या ठाकरवाडीच्या सामाईक माळावर आमच्या मालकांना शहरी पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचेत. निसर्ग जपायचा म्हणून आधी गुरं हटवायची, असा बेत आहे. वाडीला पटवायचं काम माझं. तरण्या निलेशला तिथे काम हवंय, त्याची आई चिंधीबाई विचारते, "गुरं काय तुज्या तंबूत बांधू?"

काल वाघबारस झाली. त्या दिवशी माळावर खीर रांधतात आणि जो तो आपल्या गुरांची नावं वाघदेवाला सांगतो, म्हणजे वाघ त्यांना सांभाळतो. मालक म्हणाले, पुढच्या वर्षी पाहुण्यांनाही पंगतीत बसवू.

"बसू देत की," चिंधीबाई म्हणाली. "पन त्यांची गुरं कंची?"

सगळ्यांत आधी हसला तो निलेश.

मग तिने मला विचारलं, "तुजी रं सायेब?" मी आपल्या मोरीचं नाव सांगितलं आणि खिरीला बसलो. मालक जीपमध्येच थांबले. उद्या त्यांनी मला बोलावलंय.

मोरी दूध देते ना? तुझे गुडघे कसे आहेत? मोरीची इथल्या माळावर सोय झाली आहे. माझं उद्या कळेल.

तुझाच,
अजेय