हजेरीपटाची मूळ पाने डोळ्यांनी पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
ध्वनी व दप्तर विभाग,
नभोवाणी केंद्र, दुसरा मजला.

विषय : ‘उतारावरचा दवाखाना’ या श्रुतिकामालेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या हजेरीपटाची प्रमाणित प्रत नको असून मूळ पाने पाहण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) पहिल्या अर्जास आलेले ‘दप्तर आढळून येत नाही’ हे उत्तर.
३) दुसऱ्या अर्जास आलेले प्रमाणपत्र, ज्यामुळे हा तिसरा अर्ज करणे भाग पडले.

महोदय,

१. अर्जदार ही छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक असून चौतीस वर्षे तिने दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरले आहे. वरील मालिका आपल्या केंद्रावरून अकरा वर्षे रोज संध्याकाळी लागत असे. निवृत्तीनंतर अर्जदार व मालिकेचे दुसरे एक निष्ठावंत श्रोते, व्यवसायाने औषधविक्रेते, यांनी मिळून इंटरनेटवर तिचा चाहत्यांचा विकी सुरू केला. विकी म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा माहितीकोश. आपणांस तो ठाऊक नसल्यास आपल्या लिपिकांना ठाऊक आहे; तो भाग पुढे येईलच.

२. कोणीही भर घालू लागल्यावर जे होते तेच झाले. कोणी ऐकीव गोष्टी लिही, कोणी आपल्या मामांना नटांच्या पंगतीत बसवी. तेव्हा अर्जदाराने नियम केला : पुरावा नाही तर नोंद नाही. वाद घालून तीच नोंद पुन्हा पुन्हा करणाऱ्यास महिनाभर बंदी, हे कलमही तिचेच. मालिकेचे ध्वनिपरिणाम करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी कळवले की सुरुवातीला वाजणारी घंटा त्यांच्या स्वतःच्या सायकलची होती. अर्जदाराने उत्तर दिले, “आठवण हा पुरावा नव्हे.” त्यांनी घंटेचा फोटो पाठवला. अर्जदाराने लिहिले की घंटा आपली आहे हे दिसते, आवाज तिचाच आहे हे दिसत नाही. त्यानंतर त्यांनी काही पाठवले नाही. औषधविक्रेते हसून म्हणाले, “मॅडम, तुमच्या तावडीतून देवसुद्धा सुटायचा नाही.” अर्जदाराला ती शाबासकी वाटली होती.

३. आता मूळ तक्रारीचे. मालिकेतील मुख्य परिचारिकेचे काम एक ज्येष्ठ अभिनेत्री करीत. मालिकेच्या दहाव्या वर्षी त्या आजारी पडल्या. अर्जदाराची थोरली बहीण, जिला ती ताई म्हणते, तेव्हा केंद्रावर अधूनमधून निवेदनाला जात असे. तिला नकला उत्तम साधत. केंद्राने तिला बोलावून घेतले, आणि पुढचे चारशे बारा भाग ताईने त्या बाईंच्या आवाजात केले. अट एकच होती, कुठे वाच्यता करायची नाही. श्रोत्यांची पत्रे येत ती त्या बाईंच्या घरी जात. ताई संध्याकाळी घरी येऊन भाजी निवडायला बसे, आणि शेजारीण तिलाच सांगे, “काल सिस्टरबाईंनी काय रडवलंन् हो!” ताई म्हणे, “हो का? माझा चुकला बाई कालचा.”

४. अट ताईने पाळली आणि अर्जदारालाही पाळायला लावली. त्या अभिनेत्री वारल्या तरी ती बोलली नाही. पुढे तिच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. मग ती वहीत लिहून बोलू लागली. एके दुपारी अर्जदार विकीवर चढवण्यासाठी जुना भाग ऐकत होती. ताईने पलंगावरून टाळी वाजवली आणि वहीत लिहिले, “ही मी आहे. आता कुणाला तरी सांग.”

५. अर्जदाराने विकीवर एक ओळ घातली. पाव तासात औषधविक्रेत्यांनी ती काढली व फोन केला. त्या अभिनेत्रींची जुनी मुलाखत त्यांच्यापुढे होती, तीत त्या म्हणाल्या होत्या की आपण एकही भाग चुकवला नाही. ते म्हणाले, “मॅडम, ताई खोटं सांगतायत असं मी म्हणतच नाही. पण तुम्ही सख्ख्या बहिणी. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?” अर्जदाराने फोन बंद केला, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होते. तीन दिवसांत ती ओळ अकरा वेळा आत गेली व अकरा वेळा बाहेर आली. चौथ्या दिवशी अर्जदारावर तिच्याच कलमान्वये महिन्याची बंदी आली. त्या संध्याकाळी तिने ध्वनिपरिणामवाल्या गृहस्थांचा नंबर शोधून लावला. फोन सुनेने घेतला. ते मागच्या वर्षीच गेले होते. “काही काम होतं का?” असे सुनेने विचारले. अर्जदार नाही म्हणाली.

६. यानंतर आपल्या कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू झाला. पहिल्या अर्जास दप्तर आढळले नाही. दुसऱ्या अर्जास गोल शिक्क्यासह प्रमाणपत्र आले की ‘मुख्य परीचारिकेची भूमिका आद्यंत एकाच ज्येष्ठ कलावतीने, अखंडपणे व एकही भाग न चुकवता, साकारली.’ कृपया ‘परीचारिका’ हा शब्द पाहावा. त्यातील पहिली ‘री’ र्‍हस्व हवी. ही चूक अर्जदाराने स्वतः सहा वर्षांपूर्वी, ताईची अट पाळण्यासाठी हे वाक्य विकीवर टंकताना केली होती. सगळे वाक्यच तिचे आहे, स्वल्पविरामांसकट. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या बाईची एक वेलांटी चुकली, आणि ती सरकारी शिक्का घेऊन घरी आली.

७. औषधविक्रेत्यांनीही आपल्याकडे स्वतंत्र विचारणा केली होती. ते माणूस सरळ आहेत. खरे काय ते त्यांनाही हवे होते. त्यांना तेच प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मिळाले. त्यांनी ते विकीवर पुरावा म्हणून लावले आणि पानाला कुलूप घातले. म्हणजे आपले कार्यालय विकीच्या आधाराने बोलते व विकी आपल्या कार्यालयाच्या आधाराने. दोन भिंती एकमेकींना टेकून उभ्या आहेत, पाया कोणाच्याच खाली नाही.

८. अर्जदार समक्ष कार्यालयात आली. खिडकीजवळच्या टेबलावरील लिपिक अत्यंत सौजन्याने वागले, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. ते म्हणाले, “बाई, पूर्वी असलं काही शोधायला महिना जायचा. आता त्या साइटवर सगळं मिळतं. फार काटेकोर लोक आहेत ते.” अर्जदार म्हणाली की ते लोक म्हणजे मीच. त्यावर ते मनापासून हसले : “मग तुमचंच तुम्हाला मिळालं की!” नंतर त्यांना काय वाटले कोण जाणे, ते उठले आणि अर्जदाराला दप्तरखान्यात घेऊन गेले. पाण्याच्या पिंपामागच्या घोडीवर, खालून दुसऱ्या फळीवर, त्या दोन वर्षांचे हजेरीपट लाल फडक्यात बांधलेले आहेत. गाठीवर गठ्ठा क्रमांक ११७ अशी चिठ्ठी आहे. ‘आढळून येत नाही’ असे ज्याला म्हटले तो हाच गठ्ठा. आपल्या सहीच्या हुकुमाशिवाय गाठ सुटत नाही, असे लिपिकांनी सांगितले.

९. अर्जदार आनंदाने घरी गेली व ताईला गठ्ठ्याचे सांगितले. ताईने वही जवळ ओढली. मग लिहिले, “त्यात माझं नाव नसणार. सही तिच्या नावाने करायला लावायचे. तुला सांगायची लाज वाटली.” नवव्या दिवशी ताई वारली.

१०. त्यामुळे प्रमाणित प्रत अर्जदाराच्या उपयोगाची नाही. प्रतीत नाव टंकून येईल, आणि ते त्या बाईंचेच असेल. फरक फक्त अक्षरात दिसेल. ताई लिहिताना आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लावायची. तिचा अंदाज नेहमी चुके. नाव संपले तरी रेघ पुढे उरायची. शाळेत तिला त्यावरून छड्या बसल्या होत्या. नाव दुसऱ्याचे लिहिले तरी रेघ ताईचीच राहणार, असा अर्जदाराचा समज आहे.

११. हा समज म्हणजे पुरावा नव्हे, हे अर्जदाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. पाने पाहून झाल्यावर ती विकीवर एक अक्षर लिहिणार नाही, प्रमाणपत्र बदला म्हणणार नाही, फोटो काढणार नाही. रेघ न दिसल्यास तसे लेखी देऊन ती आपल्या कार्यालयाचा जिना पुन्हा चढणार नाही. दिसली तर दिसली. तिने सांगावे असे आता कोणी उरलेले नाही.

१२. नियमानुसार दप्तर पाहण्यास अर्धा तास मिळतो असे समजते. सह्या चारशे बारा आहेत. कृपया एक पूर्ण दिवस द्यावा. अर्जदाराला प्रत्येक सही वाचायची आहे.

हुकुमाच्या प्रतीक्षेत,

(सही)
अर्जदार, सेवानिवृत्त मुद्रितशोधक
दिनांक : १९ ऑगस्ट

सोबत :
१. आपल्या प्रमाणपत्राची प्रत, चुकीच्या वेलांटीखाली रेघ मारून.
२. बंदीच्या सूचनेची प्रत.
३. ताईच्या वहीतील शेवटचे लिहिलेले पान, अक्षर ताडून पाहण्यासाठी. हे मूळ आहे. प्रत काढलेली नाही. कृपया घडी न घालता परत करावे.